पाइप लावला आणि गाडी मंद झाली : कायनेटिक होंडा डर्ट ट्रॅकसाठी बनवताना

कायनेटिक होंडा स्कूटरवर डर्ट रेस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची शर्यत, खेळतो म्हणलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, टॉप किती जातो. मला माहीत नाही, स्पीडोमीटर कधीच काढून टाकलाय. आपल्याकडच्या लोकल डर्ट ट्रॅकवर सरळ रस्ता असतो तरी कितीसा, शंभर-सव्वाशे मीटर गेलं की वळण, मग मातीचा उंचवटा, की परत वळण. तिथं टॉपला कोण विचारतंय, वळणातनं बाहेर पडताना एक्सलेटर पिळला की गाडी किती पटकन उचलते एवढंच बघायचं. आणि बिनगिअरच्या गाडीत हे पिकअप इंजिनमधनं कमी आणि बेल्टच्या डब्यातनं, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकाला पोचवणाऱ्या बेल्ट आणि पुलीतनं, जास्त येतं, हे मला समजायला बराच वेळ आणि बऱ्यापैकी पैसे लागले, म्हणून लिहितोय.

गाडी कायनेटिकच का? एक तर आमच्या घरात, गल्लीत, सगळीकडं तीच बघत मोठा झालोय. 1984 ला पुण्याच्या कायनेटिकनं होंडाबरोबर मिळून ही आणली, 98 सीसी, टू स्ट्रोक, बटण स्टार्ट, गिअर नाही. त्याआधी 1972 पासून त्यांची लूना होतीच. 1998 ला होंडा बाजूला झाली, 2008 ला टू व्हीलरचा धंदा महिंद्राकडं गेला, आणि आता 2025 मध्ये जुन्या मॉडेलचं डीएक्स हेच नाव घेऊन इलेक्ट्रिक गाडी आलीय, ती चांगली असेलही पण तिला किक पण नाही आणि धूर पण नाही, आपल्याला काय करायचंय. दुसरं कारण, टू स्ट्रोक असल्यामुळं हेडात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही, एक कानस, एक व्हर्निअर आणि एक चांगला लेथवाला एवढ्यावर इंजिन बदलता येतं. आणि लेथवाला चांगला पाहिजे तर कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगरात एका गल्लीत तुम्हाला ब्लॉक (सिलिंडर) बोअर करणारा, हेड घासून देणारा, क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) प्रेस करणारा असे सगळे मिळतात आणि प्रत्येकजण शेजारच्याचं काम कसं चुकीचं आहे हे फुकटात सांगतो.

गाडी मिळाली एका दुधवाल्याच्या गोठ्यात, कागद संपलेली, पत्रा सडलेला, इंजिन मात्र फिरत होतं. रस्त्यावर चालवायची नव्हतीच त्यामुळं कागदाचा प्रश्न नव्हता, रेसला छोटा हत्तीत घालूनच न्यायची. (मॉडिफाय केलेली गाडी रस्त्यावर फिरवणाऱ्यांनी मला काही विचारू नये.) आधी सगळा प्लास्टिकचा पसारा काढला, बॉडीचा मागचा पत्रा कापला, सीटखालची डिकी, स्टँड, कॅरिअर, डबल सीट सगळं बाहेर. वजन हातात उचलून कळण्याइतकं कमी झालं. हे काम फुकटचं आहे आणि याच्याइतका फायदा कुठल्याच महागड्या पार्टनं होत नाही, तरी लोक आधी पार्ट घेतात.

इंजिन खोलल्यावर पहिला नियम मिस्त्रीमामांनी सांगितला, जुन्या टू स्ट्रोकवर पावर काढायच्या आधी दोन्ही बाजूची ऑइल सील आणि क्रँकचं बेअरिंग बदल. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजेच पंप, खाली हवा ओढून वर ढकलायचं काम तिथंच होतं, सील कडक होऊन चिरली की तिथनं चोरून हवा आत येते, मिक्श्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि मग तुम्ही कार्बोरेटरला शिव्या घालत बसता. पुण्याच्या नाना पेठेत चकरा मारून सील, बेअरिंग, रिंग सेट मिळवले. कायनेटिकचे पार्ट अजून मिळतात पण दुकानदार आधी तुमच्याकडं बघतो, मग माळ्याकडं बघतो, मग म्हणतो दोन दिवसांनी या.

ब्लॉक ओव्हरसाइज पिस्टनला बोअर करून घेतला. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) दोन्ही जवळपास 50 मिलिमीटर, त्यामुळं हिशोब सोपा. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधनं धूर बाहेर जायचं भोक, वरच्या बाजूनं एक मिलिमीटर उचलला, एवढ्या स्ट्रोकवर एक मिलिमीटर म्हणजे पोर्ट उघडा राहायचा एकूण काळ चार-पाच अंशांनी वाढतो, ऐकायला काहीच नाही पण इंजिनचा स्वभाव बदलतो, हळू फिरतानाची ताकद जाते आणि जोरात फिरतानाची येते. पोर्टच्या कडा मात्र परत गोल करायच्या, नाहीतर रिंग अडकून तुटते. मग प्लगच्या भोकातनं सोल्डरची तार घालून इंजिन हातानं एक फेरा फिरवायचं, पिस्टन तार चेपतो, चेपलेली जाडी व्हर्निअरनं मोजायची, म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट कळते. ती मला एक मिलिमीटरच्या जरा आत पाहिजे होती. ब्लॉक खालनं घासला तर पोर्ट पण खाली येतात आणि मघाशी कानशीनं जे कमावलं ते जातं, म्हणून हेड घासलं.

ऑइल पंप काढून तिथं पट्टी मारली, ऑइल सरळ पेट्रोलमध्ये, लिटरला 40 मिली. पंप वाईट नाही, रोजच्या गाडीला तोच बरा, पण इतकी जुनी प्लास्टिकची नळी रेसमध्ये निसटली तर कळायच्या आत पिस्टन चिकटणार. पंखा आणि त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर मात्र जागेवर ठेवलं. हे मुद्दाम सांगतोय कारण रेसला आलेल्या कितीतरी गाड्यांना हे कव्हर नसतं, इंजिन उघडं दिसलं की भारी वाटतं म्हणून काढतात. अरे बाबा मॅग्नेटवरचा पंखा हवा फेकतो ती त्या कव्हरमधनंच फिरून ब्लॉकच्या पात्यांवर जाते, कव्हर काढलं की पंखा बाजूला उभ्या असलेल्याचे केस उडवतो आणि ब्लॉक भाजतो.

आता पाइप. टू स्ट्रोकचा रेसिंग सायलेन्सर म्हणजे पोटात फुगीर आणि दोन्हीकडं निमुळता डबा, त्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. एक्झॉस्टची दाबाची लाट पुढं जाते, मागच्या कोनावर आपटून परत येते आणि पोर्ट बंद व्हायच्या जरा आधी बाहेर सांडलेलं ताजं पेट्रोल-हवा पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लाटेचा वेग जवळपास ठरलेला, त्यामुळं पाइपची लांबी जेवढी ठेवाल तसा एका ठराविक आरपीएमच्या (मिनिटाला इंजिनचे फेरे) पट्ट्यातच तो काम करतो, बाकी ठिकाणी काम बिघडवतो. कोनाचे कागदी नमुने घरी कापले, आणि गुऱ्हाळाच्या काहिली ठोकणाऱ्या एका कारागिराकडनं एक मिलिमीटर पत्र्यात करून घेतले. त्यानं विचारलं हे कशाला, म्हणलं सायलेन्सर, तो म्हणाला सरळ नळी लाव की मग. वेल्डिंग मात्र असं केलंय की ग्राइंडर मारावा वाटत नाही.

पाइप लावला, गाडी चालू केली, आवाज असा की शेजारचे काका बाहेर आले. आणि मैदानावर नेऊन पिळली तर गाडी आधीपेक्षा मंद! भरडल्यासारखी घरघर करत जाते, कुठं उसळी नाही, काही नाही. बरोबरच्या पोरानं तर सांगून टाकलं, भावा इस्कोट झाला गाडीचा.

इथं बेल्टच्या डब्यातलं प्रकरण समजून घ्यावं लागतं. क्रँकवर जी पुली असते तिचा एक भाग सरकता, त्याच्या मागं रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, सरकती पुली दाबतात, बेल्ट वर चढतो, म्हणजे गिअर वाढला. मागच्या पुलीला मोठी स्प्रिंग, ती याच्या विरोधात ढकलत असते. दोघांच्या रस्सीखेचीत इंजिन एका आरपीएमवर धरलं जातं आणि त्यावरच थांबून राहतं, गाडीचा वेग वाढत जातो पण इंजिनचा आवाज तोच. रोलर जड असतील तर बेल्ट लवकर चढतो, इंजिन खालच्या आरपीएमवरच अडकतं. कंपनीनं रोलर दिलेत ते स्टॉक इंजिनसाठी, ज्याची ताकद सहा हजारांच्या अलीकडंच संपते, मायलेज पण बघायचं असतं. माझा पाइप आणि पोर्ट जागे होणार होते साडेसात हजारांच्या पुढं मागं. म्हणजे इंजिन जिथं झोपलेलं असतं नेमकं तिथंच रोलर त्याला धरून ठेवत होते.

गिअरच्या गाडीला रुंद पावरबँड (चांगली ताकद मिळते तो आरपीएमचा पट्टा) लागतो कारण गिअर बदलला की आरपीएम पडतात. ऑटोमॅटिकला तो लागतच नाही. अरुंद, चिडका, एकाच ठिकाणी ताकद देणारा पाइप असला तरी चालतो, फक्त डब्याला सांगायचं की बाबा याच आरपीएमवर धर.

त्यासाठी आरपीएम दिसायला पाहिजे. प्लगच्या वायरला तार गुंडाळायचा तो छोटा डिजिटल मीटर ऑनलाइन मिळतो, तो घेतला, हँडलला टेप मारून चिकटवला आणि वर मोबाईल बांधून व्हिडिओ. पहिल्या रनचा व्हिडिओ बघितला तर फुल एक्सलेटरला आकडा 5800-5900 वर चिकटलेला. बास, तिथंच उत्तर होतं.

रोलर म्हणजे बाहेरनं नायलॉन आणि आत धातूचा गाभा. हलके करायचे तर गाभा ड्रिल करायचा. लेथवर एकेक करत घेतले, आणि वजन बघायला गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडं गेलो कारण किराणाच्या काट्यावर अर्धा ग्रॅम दिसत नाही. सोन्याच्या काट्यावर ग्रीस लागलेले रोलर बघून त्यानं आधी खाली पेपर घातला. सगळे रोलर एकाच वजनाचे पाहिजेत असं नाही, दोन वजनं एक आड एक बसवली तरी मधला आकडा मिळतो, तोल राखला म्हणजे झालं. पण घासून चपटे झालेले रोलर मात्र फेकायचे, ते अडकत फिरतात आणि व्हिडिओत आरपीएम खालीवर नाचताना दिसतो.

दीड ग्रॅम कमी केल्यावर आकडा सात हजाराजवळ गेला आणि गाडी पहिल्यांदा अंगावर आली. अजून अर्ध्या ग्रॅमनं पाइप पूर्ण जागा झाला. मग हाव, अजून हलके करू. त्यावर गाडी साडेआठ हजारावर किंचाळायला लागली, सीटखाली असा थरार की वाटावं आता उडते, आम्ही सगळे खूश. मिस्त्रीमामा कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते, म्हणाले, “आवाज कशाला आयकतोस रं, घड्याळ लाव की.” दोन विजेच्या खांबांमधलं अंतर धरून उभ्यापासून वेळ लावला, जाताना आणि येताना दोन्हीकडनं, म्हणजे वाऱ्याचा आणि उताराचा फरक निघून जातो. किंचाळणारे रोलर हळू निघाले. जवळपास अर्धा सेकंद हळू, एवढ्याशा अंतरात अर्धा सेकंद म्हणजे दोन गाड्या पुढं जातात. ताकदीचा शेंडा मागं टाकून इंजिन नुसतं फिरत होतं. त्या दिवसापासून कुठलाही बदल केला की घड्याळच, आणि एका वेळी एकच बदल, हे मात्र पाळायला लई जड जातं कारण डबा उघडलेलाच असतो तर हे पण करून टाकू असं वाटतंच.

रोलर जमल्यावर मागची स्प्रिंग. वळणात एक्सलेटर सोडला की बेल्ट पुढच्या पुलीवर चढलेलाच राहतो आणि परत पिळल्यावर गाडी क्षणभर विचार करते. कडक स्प्रिंग घातली की बेल्ट झटकन खाली येतो आणि वळणातनं बाहेर पडताना इंजिन ताकदीच्या आकड्यावरच सापडतं. पण फुकट काही नाही, जास्त कडक घातली तर बेल्टवर दाब, दाबानं उष्णता, आणि उष्णतेत तीच ताकद जाते. मी मध्यम कडक ठेवली, आणि मागच्या पुलीतल्या पिना आणि त्यांच्या तिरक्या खाचा साफ करून नवीन ग्रीस भरलं. खाच झिजून तिच्यात खड्डा पडला असेल तर कुठलीही स्प्रिंग घाला, पुली अडकणारच. स्प्रिंगवर पैसे घालणारे दहा जण भेटतात, खाच बघणारा एक.

क्लचच्या शूजच्या स्प्रिंगा पण बदलल्या, म्हणजे क्लच उशिरा धरतो, इंजिन आधी वर चढतं आणि मग गाडी सुटते. सुरुवातीला झेंडा पडल्यावर याचा फायदा. सुक्या मातीवर एवढा कडक क्लच धरला की मागचं टायर जागेवर फिरतं, म्हणून एक पायरी मऊवर आलो. क्लचचा ड्रम आतनं चकाकायला लागला असेल तर बारीक पॉलिश पेपरनं आडवा घासायचा.

एक स्वस्तातली युक्ती सांगतो. पुलीच्या चेहऱ्यावर मार्करनं मध्यापासून कडेपर्यंत रेघा मारायच्या, डबा बंद करून एक फुल रन घ्यायचा, परत उघडायचा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. माझी रेघ कडेच्या बरीच आत थांबत होती, कारण बेल्ट झिजून अरुंद झाला होता आणि आत बुडत होता. डर्टवर टॉप लागत नाही म्हणून चालून जातं, पण झिजलेल्या बेल्टनं सुटतानाचा गिअर पण बदलतो, म्हणजे रोलरचं सगळं सेटिंग खोट्या बेल्टवर केल्यासारखं. नवीन बेल्ट घातला आणि रोलर पुन्हा एकदा तपासले.

जेटिंगबद्दल थोडक्यात. पाइप आणि पोर्टमुळं मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) मोठा लागणारच, आधी मुद्दाम मोठा घालायचा, गाडी गुरगुरली की एकेक पायरी खाली यायचं. खालनं वर जायला गेलात तर मधेच पिस्टन चिकटतो. नवा प्लग, फुल एक्सलेटर, किल स्विचनं इंजिन लगेच बंद, प्लग काढून रंग बघा, पांढरा दिसला तर लगेच जेट वाढवा, तपकिरी असेल तर बरं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यानं मिक्श्चर अजून पातळ होतं, जुने रबरी पार्ट फुगतात आणि ओल धरली की खाली वेगळा थर बसतो. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने ज्यावर चाललेत त्याला नावं कशी ठेवू, पण ऑइल मिसळलेलं पेट्रोल मी आता रेसच्या दिवशी सकाळीच बनवतो आणि संध्याकाळी उरलेलं टाकीतनं काढतो.

रेस होती सांगलीच्या बाजूला एका माळावर. आदल्या रात्री पाऊस, सकाळी अर्धा ट्रॅक चिखल आणि अर्धा धूळ. स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या तपासणीत, बघतात ती बेसिक गोष्ट, किल स्विच चालतो का, ब्रेकच्या लिव्हरला टोकाला गोळा आहे का, काचा काढल्यात का, स्टँड नाही ना, हेल्मेट, गार्ड, बूट. मोठ्या स्पर्धांना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं लायसन लागतं आणि नॅशनल रॅलीत स्कूटरचा वेगळा क्लासही असतो, तिथं कारखान्याच्या गाड्या येतात, आपलं हे माळावरचं काम वेगळं. स्कूटर ओपनमध्ये डिओ, ॲक्टिव्हा, एनटॉर्क, आणि दोन कायनेटिक. चिखल बघून डब्याच्या हवेच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा लावून ते वरच्या दिशेला वळवलं, पाणी बेल्टवर गेलं की बेल्ट नुसता घसरतो आणि इंजिन मोकळं ओरडतं. टायरमधली हवा वीस पीएसआयपर्यंत खाली.

हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या फेरीत, सुरुवात भारी झाली, पहिल्या वळणाला दुसरा. पुढचा एनटॉर्कवाला सरळ रस्त्यावर लांब जायचा आणि वळणात मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटायचो, प्रत्येक वळणातनं बाहेर पडताना ती क्षणभराची झोप माझ्या गाडीत नव्हती, त्याच्या गाडीत होती. शेवटच्या लॅपला त्यानं आतली लाइन सोडली आणि मी घेतली. फायनलमध्ये मात्र दहा इंची चाकांनी दगा दिला, उंचवट्यानंतरच्या चाकोऱ्यांत बारा इंची चाकं वरनं जातात आणि आमची आत बसतात, पुढचं लिंक सस्पेन्शन तिथं हातात मुंग्या आणतं. पाचवा आलो. दुसरी कायनेटिक मधेच सीझ झाली, म्हणजे पिस्टन चिकटला, तिला पंख्याचं कव्हर नव्हतं, सांगायला गेलो तर मालक म्हणाला ऑइल खराब होतं.

खर्चाचं विचारतात म्हणून, बोअर-पिस्टन-सील-बेअरिंगचं काम सगळ्यात महाग, पाइपला पत्रा आणि मजुरी धरून अडीच हजार, आणि रोलर ड्रिलिंगसकट चारशे. घड्याळावर दिसलेला सगळ्यात मोठा फरक त्या चारशेचा, पण पाइप नसता तर तो फरक पण नसता.

आता गोव्यातल्या चिखलाच्या ट्रॅकवर जायचं डोक्यात आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, खाली समुद्रसपाटीला हवा दाट, म्हणजे इथं जमवलेला जेट तिथं पातळ पडणार. पण तिथली हवा दमट आणि उकाड्याची, त्यानं परत थोडी विरळ होते, त्यामुळं नुसत्या हिशोबावर विश्वास नाही. एक पायरी आणि दोन पायऱ्या मोठे असे दोन जेट हत्यारांच्या डब्यात टाकून ठेवलेत, रोलरचे तीन सेट, नवीन बेल्ट, आणि मामांनी येतो म्हणून कबूल केलंय, फक्त आंबोलीत चहाला थांबायचं एवढी अट आहे.